कृष्णेच्या काठाने धावत

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा सकाळी उठून धावण्याची गोष्ट निघाली. एक आजोबा म्हणाले, "धावायला काय शिकायचे? मागे कुत्रे लागले की आपोआप येते!" सगळे हसले. एक बाई मात्र हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. रोज पहाटे अंधारात उठे, मोठ्या रस्त्यावर जाई आणि जीव तोडून धावे. एक दिवस सुटी नाही. भरतीला पंधरा दिवस राहिले आणि त्याच्या नडगीत कळ उठली. पाऊल टेकवेना. तसाच मैदानावर गेला. अर्ध्यातून लंगडत बाहेर आला. एक वर्ष वाया गेले.

"त्याला कोणी सांगितले नाही हो," बाई म्हणाल्या. "आम्हांला तरी कुठे ठाऊक होते?"

आम्ही ठरवले, आपण सगळे मिळून धावून पाहू. आणि त्यासाठी वाट निवडली ती वाईपासून मेणवलीची, आणि तिथून पुढे धोमची. ही वाट सातारा जिल्ह्यात, कृष्णा नदीच्या काठाने जाते. वाईहून मेणवली सुमारे ३ किलोमीटर आहे. धोम सुमारे ८ किलोमीटर.

आधी धावण्याची गोष्ट सांगतो, मग वाटेची.

घोड्याची दुडकी चाल तुम्ही पाहिली असेल. घोडा चालतही नाही आणि भरधाव सुटतही नाही. अंग सैल असते, पावले लहान असतात. आपणही तसेच धावायचे. शहरातले लोक याला 'जॉगिंग' म्हणतात. म्हणोत बापडे. आपण दुडकी म्हणू.

वेग किती ठेवायचा? त्याला घड्याळ नको. शेजारी जो धावतो आहे त्याच्याशी बोलत जावे. पुरे वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांतच धाप लागली तर वेग जास्त झाला. लगेच चालू लागावे. चालण्यात कमीपणा नाही. आम्ही पहिल्या दिवशी दोन मिनिटे धावलो आणि तीन मिनिटे चाललो. असे करीत करीत मेणवली गाठली. तरी एका मास्तरांच्या कुशीत कळ आली, कारण ते घरून पोटभर पोहे खाऊन आले होते! तेव्हा धावण्याआधी पोट हलके असावे.

आता त्या मुलाचे काय चुकले ते पाहू. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. मुलींना ८०० मीटर. पोरांना वाटते, १६०० मीटर जोरात धावायचे आहे, तर रोज १६०० मीटर जोरातच धावावे. पण शरीर तसे तयार होत नाही. दम लवकर वाढतो. हाडे आणि स्नायू सावकाश बळकट होतात. धावताना हाडांना हादरे बसतात. ती झीज विश्रांतीत भरून निघते. विश्रांतीच दिली नाही तर ती भरून कधी निघणार? बैलाला आपण रोज नांगराला जुंपतो का? म्हणून आठवड्यातले बरेच दिवस दुडकी धरावी. एक-दोन दिवस जोर लावावा. एक-दोन दिवस स्वस्थ बसावे. आणि हाडात एकाच जागी दुखू लागले, बोट लावले की कळ येते असे झाले, तर धावणे थांबवून डॉक्टरला दाखवावे.

ज्यांना रक्तदाब आहे, मधुमेह आहे, किंवा चालताना छातीत दुखते, त्यांनी आधी डॉक्टरला विचारावे आणि मगच पाऊल उचलावे.

चला आता वाटेने.

वाईत गणपती घाटापासून निघावे. घाटावरचा ढोल्या गणपती तुम्हांला माहीत असेल. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एवढी मोठी की नावच ढोल्या पडले. देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जाऊन पाहा. तिथली भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटते, दोन बाजूंना फाटते आणि निघून जाते. भिंतीवर सगळा मार बसत नाही. अडीचशेहून जास्त पावसाळे या देवळाने काढले. बांधणारे किती विचारी असतील!

घाटाच्या पायऱ्यांवर मात्र धावू नये. शेवाळ असते. पाय घसरला तर दात पडतील.

गाव मागे पडले की उसाची आणि हळदीची शेते लागतात. उजव्या हाताला पांडवगड दिसतो. डाव्या हाताला नदी, आणि नदीपलीकडे दूर पाचगणीचा डोंगर. सूर्य पाठीमागून वर येतो. आपली सावली लांबच लांब होऊन पुढे धावते. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकीला ती सावली पाहून इतके हसू आले की तिला थांबावेच लागले.

पण डोळे नुसते डोंगरावर ठेवून चालणार नाही. रस्त्यावर वाहने असतात. पायी माणसाने रस्त्याच्या उजव्या कडेने जावे. म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. डाव्या कडेने गेलो तर गाडी पाठीवर येते आणि आपल्याला पत्ता नसतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हणून उजाडल्यावरच निघावे. अंगात पांढरा किंवा पिवळा सदरा घालावा. कानात गाणी लावू नयेत. त्या बाईंचा मुलगा अंधारात, काळा सदरा घालून, डाव्या कडेने धावत असे. नडगीवरच निभावले म्हणायचे.

मेणवली आली की थांबावे. इथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

हे नाना फडणवीसांचे गाव. १७६८ मध्ये हे गाव त्यांना इनाम मिळाले. नानांनी इथे वाडा बांधला, नदीवर घाट बांधला आणि देवळे बांधली. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. सकाळी तिथे बायका धुणे धूत असतात. आम्ही खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. पायांना असे सुख दुसऱ्या कशाने मिळत नाही. मात्र नदीचे पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

घाटाजवळ एक मोठी घंटा आहे. ही घंटा देवळासाठी ओतलेली नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली ही एक. घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांचे चित्र उठवलेले आहे. एका आईच्या कडेवर लेकरू, असे ते दिसते. कोणी ते पुसून टाकले नाही. घंटा महादेवाच्या देवळाजवळ टांगली, आणि ते मायलेकरू तसेच राहिले.

वाडा मोठा आहे. आत चौकामागून चौक आहेत. भिंतींवर जुनी चित्रे आहेत. विचारून आत जावे. 'स्वदेस' नावाचा हिंदी चित्रपट २००४ मध्ये आला. त्यातले गाव म्हणून हेच मेणवली दाखवले आहे. आमच्या वर्गातल्या तरुण मंडळींना नानांपेक्षा याचेच कौतुक जास्त वाटले. चालायचेच.

आम्हांला मात्र जासुदांची आठवण झाली. जासूद म्हणजे पत्रे आणि बातम्या पोचवणारा माणूस. त्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता. नाना पुण्यात बसून कारभार पाहत. त्यांना दिल्लीची खबर लागे, हैदराबादची लागे. ती आणायचे कोण? जासूदच. कागदाची थैली घ्यायची, आणि ऊन असो पाऊस असो, मजल मारायची. नानांच्या हुशारीच्या गोष्टी पुस्तकांत आहेत. ज्यांच्या पायांवर ती हुशारी चालली, त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. नानांच्या संग्रहातले मोडी लिपीतले कागद मेणवली दफ्तर म्हणून ओळखले जातात. त्या कागदांतले कित्येक असेच कोणाच्या तरी हातून, कोणाच्या तरी पायांनी आले असतील.

तो मुलगा हे ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तेव्हाही धावण्याची नोकरी होती तर!"

पुष्कळ लोकांनी मेणवलीहूनच परतावे. जाऊन-येऊन ६ किलोमीटर होतात. नवख्याला ते पुरेत. महिना-दोन महिन्यांनी दम आला की पुढे जावे. मेणवलीजवळ भोगाव आहे. तिथे वामन पंडितांची समाधी आहे. भगवद्गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिणारे तेच हे वामन पंडित.

त्यानंतर धोम. इथे नरसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी पाहून आमची थकलेली मंडळी थबकली. कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे. त्यात दगडी कासव आहे, आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. कुंड भरले की कासव नंदीला घेऊन पोहत चालले आहे असे वाटते. गावाच्या वरच्या अंगाला कृष्णेवरचे धोम धरण आहे. इथून परतताना आम्ही सरळ एस.टी. धरतो. १६ किलोमीटर धावण्याची आमची छाती नाही.

बायकांनी धावावे का, असे वर्गात अजून कोणी तरी विचारतेच. याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. तिथली ललिता बाबर २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ येथे ऑलिंपिकला गेली. ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. आणि बारामतीकडच्या लता करे तर नऊवारी लुगडे नेसून, पायांत काही न घालता शर्यत धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपटही निघाला. अनवाणी धावा असे आम्ही सांगत नाही हो. साधे, पायाला नीट बसणारे कापडी बूट घ्यावेत. पण लुगड्याची अडचण कोणी सांगू नये.

आता आम्ही दर रविवारी निघतो. दहा-बारा जण असतो. त्या मुलाची नडगी बरी झाली आहे. तो आठवड्यातून चार दिवस दुडकी धरतो, एक दिवस मैदानावर १६०० मीटर जोर लावतो. दोन दिवस आईने सांगितले तरच घराबाहेर पडतो, तेही दूध घालायला. त्याचे आकडे आई वहीत लिहिते. तारीख, मिनिटे, सेकंद. पहिल्या पानावर तिचा ८ उलटा पडला होता. आता सरळ पडतो.

परवा रविवारी मेणवलीच्या अलीकडे आम्ही धापा टाकीत चालत होतो. मुलगा पुढे निघून गेला होता. बाई आमच्या बरोबर होत्या. त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, "मी जरा पुढे होते," आणि उजव्या कडेने दुडकी धरली.