ट्रॅक्टर व वाहनांच्या कामासाठी बॅटरीवरील इम्पॅक्ट रेंचची निवड



शेतीतील यांत्रिकीकरण वाढले तसे शेतकऱ्याच्या हातातील पान्यांचे कामही वाढले आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, पिकअप अशी साधने एकाच घरी असतील तर वर्षभरात शेकडो नट उघडावे व आवळावे लागतात. उदाहरणादाखल ३६ पात्यांचा रोटाव्हेटर घ्या. प्रत्येक पात्यास २ बोल्ट धरले तरी पाती बदलताना ७२ बोल्ट सोडून पुन्हा ७२ बोल्ट बसवावे लागतात. माती व गंजाने धरलेले हे नट साध्या पान्याने सोडण्यात पेरणीच्या तोंडावर संपूर्ण दिवस मोडतो.

हे काम हलके करणारे साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच. गॅरेजमधील हवेच्या गनला कॉम्प्रेसर लागतो व तो शेतात नेता येत नाही. बॅटरीवरील रेंच मात्र बांधावर, रस्त्यावर, वीज नसतानाही चालतो. तथापि बाजारात मोठमोठे आकडे छापलेली अनेक यंत्रे मिळतात व केवळ आकडा पाहून खरेदी केल्यास पैसे वाया जातात. शिवाय चुकीच्या वापरामुळे चाकाचे स्टड तुटण्याचा धोका असतो. म्हणून निवड करताना पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

यंत्र कसे काम करते?

या यंत्रात मोटर, स्प्रिंग, हातोडी व ऐरण असे मुख्य भाग असतात. नट सैल असेपर्यंत मोटर त्यास सरळ फिरवते. नटाने अडवणूक केली की हातोडी स्प्रिंग दाबून मागे सरकते, सुटते व ऐरणीवर आडवा ठोका मारते. असे ठोके मिनिटाला हजारोंच्या संख्येने पडतात. त्यामुळे नटावर मोठा पीळ पडतो, पण हाताला फारसा झटका बसत नाही. गंजलेला नट एकसारख्या जोरापेक्षा ठोक्यांनी लवकर सुटतो, हा अनुभव छिन्नी-हातोडी वापरणाऱ्या प्रत्येकास आहे.

या पिळाच्या जोरास टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटर (न्यू.मी.) या एककात मोजतात.

आपली गरज आधी मोजा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्याकडील नट किती जोराने सुटतात, हे घरीच काढता येते. त्यासाठी पुढील सोपे सूत्र वापरावे.

टॉमीची लांबी (मीटर) × टोकावरील भार (कि.ग्रॅ.) × १० = टॉर्क (न्यू.मी.), अंदाजे

समजा, ६० सें.मी. लांबीच्या आडव्या टॉमीच्या टोकावर ५० कि.ग्रॅ. भार दिल्यावर नट सुटतो. म्हणजे ०.६ × ५० × १० = ३०० न्यू.मी. टॉर्क लागला. याउलट १.२ मीटर पाईप घालून ६० कि.ग्रॅ. वजनाच्या माणसास टोकावर उभे राहावे लागत असेल, तर १.२ × ६० × १० = ७२० न्यू.मी. टॉर्क लागतो. मोजताना चाक जमिनीवर टेकलेले असावे व टॉमीवर उड्या मारू नयेत.

डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेल्या बोल्टसाठी सर्वसाधारण आवळण्याचा टॉर्क पुढील तक्त्यात दिला आहे.

तक्ता : बोल्टची जाडी, पाना व आवळण्याचा अंदाजे टॉर्क

१० मि.मी. बोल्ट – १६ किंवा १७ नंबर पाना – ४५ ते ५० न्यू.मी.
१२ मि.मी. बोल्ट – १८ किंवा १९ नंबर पाना – ८० ते ८५ न्यू.मी.
१४ मि.मी. बोल्ट – २१ किंवा २२ नंबर पाना – १२५ ते १३५ न्यू.मी.
१६ मि.मी. बोल्ट – २४ नंबर पाना – १९५ ते २१० न्यू.मी.
२० मि.मी. बोल्ट – ३० नंबर पाना – ३८० ते ४१० न्यू.मी.

टीप : चाके, इंजिन व गिअर बॉक्ससाठी हा तक्ता न वापरता यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

गंजलेला नट सोडताना आवळण्याच्या टॉर्कच्या दीडपट, कधी दुप्पट जोरही लागतो. म्हणून आपण मोजलेल्या आकड्याच्या साधारण दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दहातील नऊ नट ३०० न्यू.मी.च्या आत सुटतात, पण एखादा ७०० मागतो. तर यंत्र कोणत्या नटासाठी घ्यावे? आमचे मत असे, की ते रोजच्या नटांसाठी घ्यावे. वर्षातून दोनदा अडणाऱ्या नटासाठी टॉमी व पाईप आहेतच. सर्वांत शक्तिमान यंत्र महाग असते, बॅटरीसह ३ कि.ग्रॅ.च्या आसपास किंवा त्याहून जड भरते आणि १२ मि.मी.चा बोल्ट क्षणात पिळून तोडू शकते. रोटाव्हेटरखाली वाकून ७२ बोल्ट सोडणाऱ्यास वजनाचा फरक संध्याकाळी मनगटात कळतो. ज्यांच्याकडे ऊस वाहतुकीच्या जड ट्रॉल्या किंवा ट्रक आहेत व असे घट्ट नट नेहमीच सोडावे लागतात, त्यांनी मात्र मोठे यंत्र घेणे योग्य ठरेल.

चौकोनी टोकाचा आकार

गोटी (सॉकेट) बसवण्याचे चौकोनी टोक मुख्यतः तीन आकारांत मिळते.

१) ३/८ इंच : मोटारसायकल, पंप व लहान नट-बोल्टसाठी.
२) १/२ इंच : मोटार, पिकअप, ट्रॅक्टर व बहुतेक अवजारांसाठी. सर्वसाधारण शेतकऱ्यास हाच आकार उपयुक्त आहे.
३) ३/४ इंच : ट्रक, जड ट्रॉली व मोठ्या यंत्रांसाठी.

दुकानात यासारखेच दिसणारे इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे यंत्र असते. त्याचे तोंड षटकोनी असून ते मुख्यतः स्क्रूसाठी आहे. चाकाच्या नटासाठी ते घेऊ नये.

छापील आकडे कसे वाचावेत?

अ) टॉर्क : खोक्यावर बहुधा सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो व तो नट सोडण्याचा असतो. आवळण्याचा टॉर्क त्यापेक्षा कमी असतो. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हीकडील एकाच प्रकारचा आकडा घ्यावा. शिवाय हा कमाल आकडा पहिल्या ठोक्याला मिळत नाही. त्यासाठी काही सेकंद लागतात. लांब एक्स्टेन्शन किंवा वाकता जोड लावल्यास प्रत्यक्ष टॉर्क आणखी घटतो.

ब) व्होल्ट : लिथियम-आयन बॅटरीतील एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट असतो व पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट होतो. पाच सेल ओळीने जोडले की सरासरी १८ व पूर्ण चार्ज असता २१ व्होल्ट होतात. म्हणजे १८, २० व २१ व्होल्ट असे लिहिलेली यंत्रे बहुधा एकाच दाबाची असतात. काही स्वस्त यंत्रांवर ४८, ८८ किंवा १२८ असे आकडे ‘व्हीएफ’ या अक्षरांसह छापतात. ते खरे व्होल्ट नसतात. खात्री करण्यासाठी चार्जरवरील आउटपुटचा आकडा वाचावा. तो २१ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी पाच सेलच्या ओळीचीच आहे, हे समजावे.

क) अँपिअर-तास : बॅटरीत किती वीज मावते ते यावरून कळते. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॉट-तास वीज असते. २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत त्याच्या निम्मी. नेहमीच्या १८ मि.मी. व्यासाच्या पाच सेलमध्ये साडेतीन अँपिअर-तासापेक्षा फारशी जास्त वीज मावत नाही. लहानशा, हलक्या बॅटरीवर त्याहून बराच मोठा आकडा असेल तर संशय घ्यावा.

ड) मोटर : कार्बन ब्रश नसलेली (ब्रशलेस) मोटर घ्यावी. ती कमी तापते, एका चार्जवर जास्त काम देते व तिचे कार्बन बदलावे लागत नाहीत.

इ) वेग व जोर बदलण्याची सोय : दोन-तीन टप्प्यांची सोय व दाबानुसार वेग बदलणारा खटका असावा. लहान बोल्टचे आटे वाचवण्यासाठी ते आवश्यक आहे.

गोट्यांवर काटकसर नको

हाताने वापरायच्या चकचकीत गोट्या या यंत्रास लावू नयेत. ठोक्यांनी त्या तडकतात व तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. इम्पॅक्टसाठीच्या गोट्या जाड भिंतीच्या, बहुधा काळ्या व क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात. आतून सहा कोनी गोटी घ्यावी. बारा कोनी गोटी घट्ट नटाचे कोपरे गोल करते. सुरुवातीस पूर्ण संच घेण्यापेक्षा आपल्या ट्रॅक्टर व अवजारांना लागणाऱ्या पाच-सहा मापांच्या चांगल्या गोट्या घ्याव्यात.

दुकानातील तपासणी

१) शक्य असल्यास ट्रॅक्टर दुकानासमोर न्यावा. चाक जमिनीवर असताना मागील चाकाचा एकच नट सैल करून पाहावा व लगेच पुन्हा नीट आवळावा. पाच ते दहा सेकंदांत नट हलला तर यंत्र उपयोगाचे आहे.
२) किमतीत बॅटरी व चार्जर धरले आहेत का, हे विचारावे. अनेकदा केवळ यंत्राची किंमत सांगितली जाते.
३) त्याच बॅटरीवर फवारणी पंप, ड्रिल, ग्राइंडर चालतात का, हे पाहावे. एकाच जातीच्या दोन बॅटऱ्या सर्व यंत्रांना पुरतात.
४) सुटी बॅटरी, खटका व ऐरण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मिळते का, याची चौकशी करावी. बॅटरी मिळत नसेल तर चांगले यंत्रही निरुपयोगी ठरते.
५) पक्के बिल व शिक्का मारलेले हमीपत्र घ्यावे. बॅटरीची हमी यंत्रापेक्षा कमी मुदतीची असू शकते.

सोडणे यंत्राने, शेवटचे आवळणे हाताने

या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. इम्पॅक्ट रेंचने किती टॉर्क बसला हे हाताला कळत नाही. बॅटरी किती भरलेली आहे, खटका किती वेळ दाबला, आटे गंजलेले आहेत की तेलकट, यावर तो बदलतो. जास्त आवळल्यास स्टड ताणला जातो व पुढे भरल्या ट्रॉलीखाली तुटतो. कमी आवळल्यास चाक डुलू लागते, भोके मोठी होतात व अखेर नट गळतात. दोन्हींचा शेवट रस्त्यावर चाक निखळण्यात होतो. म्हणून चाक बसवताना पुढील क्रम पाळावा.

१) आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. पुस्तिकेत सांगितले नसल्यास तेल लावू नये. तेलामुळे तेवढ्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो.
२) प्रत्येक नट किमान तीन-चार आटे बोटांनी फिरवावा. तिरका धरलेला नट यंत्राने फिरवल्यास आटे मरतात. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवावी.
३) यंत्र सर्वांत कमी टप्प्यावर ठेवून, समोरासमोरचे नट घेत फक्त टेकेपर्यंत फिरवावेत.
४) चाक जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत.
५) काही तास काम झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

टॉर्क रेंच नसल्यास वरील सूत्र उलटे वापरता येते. २५० न्यू.मी. हवे असतील तर ५० सें.मी. लांबीच्या आडव्या टॉमीच्या टोकावर ५० कि.ग्रॅ. भार द्यावा.

हेड बोल्ट, इंजेक्टर, स्पार्क प्लग, इंजिन तेलाचा निचरा प्लग व अॅल्युमिनियममधील कोणतेही आटे आवळण्यासाठी हे यंत्र वापरू नये. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. जोर लावण्यापूर्वी ते पाहावे.

सुरक्षितता व निगा

• चाकांना उटी लावावी व जॅकसोबत भक्कम ठोकळे द्यावेत. उचललेला रोटाव्हेटर केवळ हायड्रोलिकवर ठेवून त्याखाली हात घालू नये. पी.टी.ओ. व इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी.
• डोळ्यांवर चष्मा व कानात बोळे घालावेत. या यंत्राचा आवाज ९० डेसिबलपेक्षा जास्त असतो.
• गोटी बदलताना बॅटरी काढून ठेवावी.
• विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा वेळी बॅटरी ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नये व तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्ज करू नये.
• हंगामानंतर बॅटरी निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी तपासावी.
• फुगलेली किंवा ओली झालेली बॅटरी वापरू नये, जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

कोणी घ्यावे?

ज्यांच्याकडे एक मोटारसायकल व भाड्याचा ट्रॅक्टर आहे, त्यांना चांगला गोटी पान्यांचा संच व लांब टॉमी पुरेशी आहे. स्वतःचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व ट्रॉली असणाऱ्यांस १/२ इंची, मध्यम ताकदीचे यंत्र सोयीचे ठरेल. लहान शेतकऱ्यांनी गटामार्फत किंवा अवजारे बँकेसाठी एक यंत्र, दोन बॅटऱ्या व एक टॉर्क रेंच एकत्र घ्यावा.

थोडक्यात, आधी आपला नट मोजावा, मग यंत्राचा आकडा वाचावा. खरेदीच्या रकमेतून टॉर्क रेंचसाठी पैसे बाजूला काढूनच यंत्राची किंमत ठरवावी. नट सोडताना वाचलेला वेळ मोलाचा आहेच. पण भरलेली ट्रॉली सुखरूप पोहोचते ती नीट आवळलेल्या नटांवर.