घर विकण्यापूर्वी

मानवावरील आपल्या उपकारांची गणना करताना अल्लाहने सूरह नहलच्या 80 व्या आयतीत घराचा उल्लेख केला आहे. तुमच्या घरांना त्याने तुमच्यासाठी विसाव्याचे स्थान बनविले, असा तिचा आशय आहे. तेथे आलेला 'सकन' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 'सुकून' आणि 'मस्कन' हे शब्द त्याच धातूपासून आलेले. घराची किंमत दलालाला विचारता येते, पण त्या भिंतींत कोणाकोणाचा सुकून गुंतलेला आहे हे दलाल सांगू शकत नाही. म्हणून घर विकावे की नाही हा प्रश्न समोर येतो, तेव्हा भाव किती मिळेल यापूर्वी एक वेगळी चौकशी करावी लागते. ती हक्कांची चौकशी होय.

कल्याणजवळच्या मोहने परिसरात हा प्रश्न आज अनेक उंबरठ्यांवर उभा आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एन.आर.सी., हे एकेकाळी या गावाचे हृदय होते. भोंग्यावर दिवस उगवत असे आणि पगाराच्या तारखेवर बाजार भरत असे. 2009 मध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांच्या देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. ज्यांनी त्या पगारातून पोटाला चिमटा काढून वसाहतीबाहेर दोन-तीन खोल्यांचे स्वतःचे घर उभे केले, त्यांच्या हाती शेवटी ते घरच उरले. आता ती पिढी एकेक करून अल्लाहला प्यारी होत आहे आणि मुलांपुढे विक्रीचा प्रस्ताव येत आहे.

समजा, अशा एका घराचे अब्बा निवर्तले. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि भिवंडीला सासरी असलेली एक मुलगी आहे. अब्बांचे आईवडील हयात नाहीत. थोरल्याला मुंब्र्याला सदनिका घ्यायची आहे, धाकट्याला धंद्यासाठी भांडवल हवे आहे. गिऱ्हाईक चाळीस लाख द्यायला तयार आहे. दोघे भाऊ ओसरीवर बसून वीस-वीसचा हिशेब करतात. अम्मी आत भाकरी थापत ऐकत असतात. बहिणीला अजून कोणी फोनही केलेला नाही.

येथे थांबून विचारले पाहिजे की घर विकणारे हे दोघे कोण? घर अब्बांचे होते. त्यांनी अखेरचा श्वास घेतला त्याच क्षणी ते सर्व वारसांचे झाले. सूरह निसाच्या 7 व्या आयतीने पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा ठरवून दिला आणि मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, हा नियम सारखाच ठेवला. 11 व्या आणि 12 व्या आयतीत वाट्यांचा तपशील आहे. आधी मृताचे कर्ज फेडायचे; पत्नीची मेहर दिलेली नसेल तर तीही कर्जच आहे, आणि आपल्याकडे ती बहुधा दिलेली नसते. त्यानंतर वसियत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. मग उरलेल्याची वाटणी.

कर्ज आणि वसियत काहीच नसेल असे धरले, तर चाळीस लाखांपैकी अम्मींचा आठवा हिस्सा म्हणजे पाच लाख. उरलेल्या पस्तीस लाखांचे पाच भाग होतील. दोन-दोन भाग मुलांचे, म्हणजे प्रत्येकी चौदा लाख, आणि एक भाग मुलीचा, सात लाख. वीस-वीसच्या हिशेबात बारा लाख रुपये दोन स्त्रियांचे होते. ते कोणी मागितले नाहीत म्हणून भावांचे होत नाहीत.

यावर जे उत्तर मिळते ते सर्वांना पाठ आहे. बहिणीच्या लग्नात खर्च केला होता. ती स्वतःच नको म्हणते. हक्कसोड पत्रावर तिने सही केली आहे. यांतील पहिले कारण तर कारणच नव्हे. लग्नातला खर्च ही बापाने किंवा भावाने दिलेली भेट होती, वारशाची आगाऊ रक्कम नव्हती. राहिली सही. माहेरचे दार बंद होईल या भीतीने केलेल्या सहीला रजामंदी म्हणता येत नाही. सूरह निसाच्याच 29 व्या आयतीने एकमेकांचा माल खाण्याची वाट बंद केली आहे आणि परस्पर संमतीचा व्यवहार तेवढा मोकळा ठेवला आहे. एखादा वारस ठरावीक रक्कम घेऊन खुशीने बाजूला होऊ शकतो; फिकहमध्ये त्याला 'तखारुज' म्हणतात. परंतु खुशी ओळखायची कशी? अनेक उलेमा साधा उपाय सांगतात : आधी तिचा वाटा तिच्या हातात द्या, तो तिच्या ताब्यात जाऊ द्या. नंतर तिने कोणाला काही द्यायचे ठरविले तर ती तिची देणगी. सात लाख स्वतःच्या बँक खात्यात आल्यावरही ज्या बहिणीला ते भावालाच परत द्यावेसे वाटतात, अशा बहिणी असतातही; पण हक्कसोड पत्रांच्या मानाने फार थोड्या. कोणाची वीतभर जमीन जुलमाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, हा इशारा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मोहने येथील त्या घरात वीतभराहून अधिक जागा बहिणीची आहे.

अम्मींची गोष्ट आणखी नाजूक. पाच लाखांत त्यांना स्वतंत्र छप्पर मिळणार नाही. त्या कोणाकडे राहतील हे विक्रीनंतर ठरविण्याची गोष्ट नव्हे. 'कधी इकडे, कधी तिकडे' हे उत्तर ऐकायला गोड असते आणि जगायला कठीण. त्या घरात त्यांना हयातभर राहू द्यावे आणि वाटणी पुढे करावी, असे सर्व सज्ञान वारसांनी मनापासून मान्य केले तर त्यात कोणतीही शरई अडचण नाही.

हक्कांचा हिशेब लागला की मग प्रश्न येतो : विकायचे कशासाठी? प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळातील एक प्रसंग मुस्लिम शरीफमध्ये हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितला आहे. त्यांच्या कबिल्याची, बनू सलमाची घरे मस्जिदे नबवीपासून दूर होती. घरे विकून मस्जिदीजवळ राहायला यावे, असा त्यांनी विचार केला. यापेक्षा चांगला हेतू कोणता असू शकेल! तरीही प्रेषितांनी त्यांना तसे करू दिले नाही. तुमच्या प्रत्येक पावलाची नोंद होते, असे सांगून तेथेच राहायला सांगितले. बुखारीतील कथनात कारणही आले आहे. मदीनेचा तो भाग ओसाड पडावा, हे त्यांना आवडले नाही.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक कुटुंबांनी मुंब्रा गाठले. जिवाच्या भीतीने घर सोडणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. स्वतः मुहाजिरांनी मक्केतील घरे मागे टाकली होती. परंतु जेथे भीती नाही, शेजार चांगला आहे, मस्जिद रिक्षाच्या अंतरावर का होईना पण आहे, तेथून केवळ 'आपल्या वस्तीत' जायचे म्हणून उठताना बनू सलमाची हकीकत आठवावी. आंबिवली स्थानकाच्या आसपासची दहा घरे विकली गेली, तर मागे राहिलेल्या पाच घरांतील मुलांच्या मकतबचे काय होईल, हाही विक्रीच्या हिशेबातला एक आकडा आहे.

व्याजी कर्जाच्या विळख्यातून सुटण्यासाठी, उपचारांसाठी किंवा रोजगार दुसरीकडे गेला म्हणून घर विकणे समजण्यासारखे आहे. पण मुलीच्या लग्नात हॉल, हुंडा आणि तीन पदार्थांऐवजी तेरा पदार्थ यांसाठी घर विकणाऱ्याला काय म्हणावे? राहते घर ही मूलभूत गरज आहे. ते विकून हज करणेही फकीहांनी बंधनकारक मानलेले नाही. अल्लाहच्या घरासाठी जे विकावे लागत नाही, ते वऱ्हाडासाठी विकले जाते.

सल्लामसलत हे सूरह शूराच्या 38 व्या आयतीने सांगितलेले ईमानधारकांचे लक्षण आहे, आणि घराच्या बाबतीत पहिला सल्ला घरात सर्वाधिक वेळ घालविणाऱ्या स्त्रीचा घ्यावा. इस्तिखाराही जरूर करावा. मात्र दोन रकअत आणि दुआ म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. आपल्या हिताचे असेल ते सुकर व्हावे, नसेल ते टळावे, एवढीच ती विनंती आहे. बहिणीचा वाटा बुडवायचा की नाही, यावर इस्तिखारा होत नसतो.

विकायचे ठरले की शेजाऱ्याचा क्रम येतो. हजरत अबू राफेअ (रजि.) हे प्रेषितांनी मुक्त केलेले गुलाम. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात त्यांच्या मालकीच्या दोन खोल्या होत्या. त्या तुम्ही विकत घ्या, असे ते सअद यांना सांगायला आले. सअद यांना त्या घ्यायच्याच नव्हत्या. हजरत मिस्वर बिन मख्रमा (रजि.) तेथे होते, त्यांनी आग्रह धरला. तेव्हा सअद म्हणाले की चार हजारांपेक्षा जास्त देणार नाही, आणि तेही हप्त्यांनी. अबू राफेअ यांच्याकडे पाचशे दिनारांची मागणी आधीच आलेली होती. एका दिनाराचे साधारण दहा दिरहम धरले, तर पाच हजार होतात. तरीही त्यांनी चार हजारांत, हप्त्यांनी, सअद यांनाच त्या खोल्या दिल्या. कारण एकच सांगितले : जवळ असल्यामुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, असे प्रेषितांकडून मी ऐकले नसते तर दिल्या नसत्या. (बुखारी)

या हक्काला 'शुफ्आ' म्हणतात. हनफी मतानुसार तो आधी मालकीतील भागीदाराचा, मग वाट किंवा पाणी सामाईक असणाऱ्याचा आणि मग लागून असलेल्या शेजाऱ्याचा. इतर तीन इमामांच्या मते तो केवळ भागीदाराला आहे. मतभेद आहे, पण शेजाऱ्याला आधी विचारावे हे सौजन्य कोणीच नाकारलेले नाही. भाव पाडून द्या, असा याचा अर्थ नाही. अबू राफेअ यांनी सोडलेली रक्कम हा त्यांचा एहसान होता. मोहने येथे भिंतीला भिंत लागलेला शेजारी आगरी असेल, बौद्ध असेल, उत्तर भारतीय असेल. हनफी फिकहमध्ये हा हक्क बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही तसाच आहे. दाराशी मजूर सामान उचलायला आल्यावर त्याला विक्रीची बातमी कळू नये.

आता खरेदीदार. व्यवहारात दोघे खरे बोलले आणि उणीव उघड केली तर त्यात बरकत होते, लपविले, खोटे बोलले तर बरकत पुसली जाते, हे हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनात आहे. (बुखारी, मुस्लिम) उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना या हदीसचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. 2005 आणि 2019 च्या जुलैमध्ये उल्हास कशी चढली होती, हे या पट्ट्याने पाहिले आहे. आपल्या घरात पाणी शिरले असेल तर ते कोठपर्यंत आले होते, हे भिंतीवर हात ठेवून गिऱ्हाइकाला दाखवावे. उन्हाळ्यात ताजा रंग देऊन घर दाखविणे आणि पावसाबद्दल गप्प राहणे, हा धोका आहे. बाहेरच्या माणसाकडून खोटी वाढीव बोली लावून घेण्यालाही प्रेषितांनी मनाई केली आहे. त्याला 'नजश' म्हणतात.

कागदपत्रांची उणीव हीही उणीवच. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करीत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याकडे तेवढेच असेल तर तसे सांगावे, जरी त्यामुळे भाव उतरला तरी. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला, तेव्हा आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्यांवर काय ओढवले, ते सर्वांनी वाचले आहे. रकमेचा मोठा भाग रोख घेऊन खरेदीखतात कमी आकडा लिहिणे, हे खोट्या साक्षीचे लेखी रूप आहे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास कायद्याचीही मनाई आहे. शिवाय रोख आलेल्या रकमेत बहिणीचा वाटा सर्वांत आधी अदृश्य होतो.

बयाण्याबद्दल एक अडचण नेहमी येते. गिऱ्हाईक मागे हटले तर इसार जप्त करता येतो का? बहुसंख्य फकीह नाही म्हणतात. इमाम अहमद यांनी परवानगी दिली आहे. त्यांच्यापुढे जो दाखला होता तोही घराच्याच विक्रीचा. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमय्या यांचे घर घेतले गेले, ते या अटीवर की उमर यांनी मान्य केले तर सौदा पक्का, नाही तर सफवान यांना चारशे मिळतील. त्यामुळे अट घालायचीच असेल तर ती दोघांसमोर, लिहून, साक्षीदारांसह घालावी. आणि मागे हटणारा गरजू असेल, तर रक्कम परत करणे अधिक शोभून दिसते.

शेवटी पैशाचे. घर विकून त्याची किंमत तशाच मालमत्तेत न गुंतविणाऱ्याला त्या पैशात बरकत लाभत नाही, अशा आशयाची हदीस इब्ने माजामध्ये आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, पण अनुभव तिच्या बाजूने उभा राहतो. घराचा पैसा हप्त्याहप्त्याने मोटारसायकल, मोबाइल आणि उसनवारीत विरघळताना आपण पाहिला आहे. योगायोग असा की, घरविक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावर करसवलत हवी असेल तर दोन वर्षांत दुसरे घर विकत घ्यावे किंवा तीन वर्षांत बांधावे, असे प्राप्तिकर कायदाही सांगतो. धाकट्याने आपले चौदा लाख धंद्यात घालण्यापूर्वी हे दोन्ही लक्षात घ्यावे.

राहत्या घरावर जकात नव्हती. विकून आलेल्या रकमेवर मात्र आहे. रक्कम निसाबाइतकी असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण होईतो शिल्लक राहिली, तर अडीच टक्के द्यावे लागतील. जो आधीपासून साहिबे-निसाब आहे, त्याच्या बाबतीत हनफी मतानुसार ही रक्कम त्याच्या चालू वर्षातच मिसळते. इतरांचे वर्ष पैसे हाती आल्याच्या दिवसापासून मोजले जाते. अम्मींचे आणि बहिणीचे वर्षही स्वतंत्र मोजायचे आहे. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून परतल्यावर चौघांनीही आपापली हिजरी तारीख लिहून ठेवावी.