चढला तो त्याचा, पडला तो आपला

पोरा, यंदा तुम्ही कोथरूडची मंडळी चढणीचे मासे धरायला मुळशीला येताय म्हणे. फोनवर काही सांगितलं की तू 'हो आजोबा, हो आजोबा' करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून लिहून पाठवतो.

पहिलं म्हणजे मला तारीख विचारू नकोस. मृग 7-8 जूनला लागतो, पण मासा पंचांग बघून निघत नाही. पहिला पाऊस तर सगळा जमीनच पिते. ओढे वाहायला लागून धरणाच्या फुगवट्याला जाऊन मिळाले पाहिजेत, तेव्हा कुठे वरचं गार, तांबडं पाणी खाली बसलेल्या माशाला लागतं. उन्हाळाभर तो पोटात गाभोळी धरून डोहात थांबलेला असतो. ताजं पाणी लागलं की प्रवाहाच्या उलटा निघतो, ओढ्यातून खाचरापर्यंत, अंडी घालायला. तेव्हा रात्रभर गडगडाटासह कोसळला आणि सकाळी खाचरं बांधावरून सांडायला लागली, की त्याच संध्याकाळी जाळं काढायचं, आणि पुन्हा दुसऱ्या पहाटे. दोन-तीन दिवसांत सगळीकडे पाणीच पाणी झालं की मासा पांगतो. रविवार धरून येणाऱ्याला चढण क्वचितच सापडते. मी फोन करीन तेव्हा निघायचं, मग वार कुठलाही असो. साहेबाला काय सांगायचं ते तू बघ. ताम्हिणी उतरून रायगडात गेलास की लोक या चढणीलाच वलगण म्हणतात. तिकडे पाऊस आधी पोचतो, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांचा फोन आला की आम्ही इकडे जाळी शिवायला घेतो.

जाळं विकत आणू नकोस. बाजारातली ती फुलपाखरं धरायची खेळणी इथल्या ओढ्यात पहिल्याच झटक्याला वाकतात. निरगुडीची ओली फांदी वाकवून कडं करायचं, वेळूचा दांडा आपल्या छातीएवढा उंच घ्यायचा, आणि कड्याला जाळं ओवायचं. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, करंगळी आरपार जाईल एवढा हवा. मच्छरदाणीचं कापड लावणारे दिसतील, त्यांचं ऐकू नकोस. एक तर कापडातून पाणी निघत नाही, जाळं फुगतं आणि ओढ माणसाला घेऊन जाते. दुसरं, बोटाच्या पेराएवढी पिल्लंही त्यात अडकतात, आणि ती ना कालवणाला येतात ना पुढच्या वर्षाला.

आता उभं कुठे राहायचं ते. सगळं गणित इथेच आहे. नवखा माणूस ओढ्याच्या मध्ये जातो, कारण तिथे पाणी खळाळतं. पण चढणारा मासा मधून जात नाही, त्याचा दम तिथे संपतो. तो काठाकाठाने, दगडाच्या आडोशाने, विसावा घेत चढतो. म्हणून काठावर बसायचं, पाण्यात सावली पडू द्यायची नाही, आणि जाळं वरच्या अंगाला बुडवून प्रवाहाबरोबर खाली ओढायचं, पाण्याच्या वेगापेक्षा जरा जलद. हळू ओढलंस तर जाळं उलटं होतं आणि आतला मासाही बाहेर पडतो. मासा समोरून येतो, आपण वरून खाली जातो, दोघांची गाठ जाळ्यात. ओढून झालं की लगेच वर उचल. जाळं पाण्यात ठेवून आत काय आलं ते बघत बसायचं नाही.

बांधावरून पाणी जिथे हातभर उंचीवरून पडतं, ती जागा तर सोन्याची. कोळस, मळ्या, खवली तिथे उड्या मारतात. एक उडी साधते, दोन-तीन चुकतात. जाळं बांधाच्या माथ्यावर धरायचं नाही, खाली, पडत्या पाण्याच्या कडेला धरायचं. ज्याने उडी साधली तो खाचरात गेला, त्याला जाऊ द्यायचं. ज्याची चुकली तो आपल्या जाळ्यात. माझ्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मला ते देवाधर्माचं वाटलं होतं. पुढे कळलं की तो सरळ व्यवहार आहे. माथ्यावर आडवं जाळं लावून अख्खी मोरी बंद करणाऱ्यांच्या ओढ्याला दोन-चार वर्षांत मासा येईनासा होतो, आणि मग ते धरणाला दोष देतात. धरणाचा दोष नाही असं नाही. भिंतीवरून मासा चढत नाही, हे खडकवासल्याच्या खालच्या मुठेला विचार. पण फुगवट्यातून वरच्या ओढ्यांत अजून चढतो, तो तरी आपण अडवू नये.

मरळ दिसली तर जरा थांब. तिच्यामागे तांबूस पिल्लांचा झुबका पाण्यावर फिरताना दिसला, तर ती पिल्लं राखत असते. तिला उचललीस तर तो झुबका बाकीच्या माशांच्या पोटात गेलाच म्हणून समज. शिंगट्याला मुठीत धरू नकोस. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे त्याला असतात, आणि काटा रुतला की हात रात्रभर ठणकतो. अंगठा आणि बोट बाजूच्या काट्यांच्या मागे घालून धरायचं. वाम हातातून निसटते, तिला गोणपाटाच्या तुकड्यात धर, पण तिच्याही पाठीला बारीक काटे आहेत. दगडाच्या कपारीत उजेड टाकल्याशिवाय हात घालायचा नाही. पाणदिवड निरुपद्रवी असते, पण पहिल्या पावसात फुरसंही बाहेर पडतं, आणि ते काही नाव सांगून चावत नाही. पूर्वी चूड पेटवून जायचो, तुझ्याकडे डोक्याला बांधायची बॅटरी आहे, तीच आण.

ही गोष्ट मात्र पाठ कर. बसलास की पहिल्यांदा पाण्याच्या कडेला एक काडी रोव. गप्पा मारत असलास तरी दर थोड्या वेळाने काडीकडे बघ. पाणी काडीच्या पुढे आलं, किंवा पालापाचोळा एकदम वाढला, किंवा आवाज बारीक होता तो घोगरा झाला, तर वर पाऊस लागला आहे. जाळं, टोपली, मासे सगळं सोडून वर ये. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरात काय चाललंय ते ओढाच सांगतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच नात्यातली पाच माणसं अशीच अचानक वाढलेल्या पाण्यात गेली. त्या दिवसापासून मी पोरांना आधी काडी दाखवतो, मग जाळं देतो.

कोणी ब्लीचिंग पावडर टाकू, करंट लावू म्हणालं, तर उठून घरी निघून ये. गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकण्याची रीत जुन्या लोकांतही होती, आमच्या घरात ती कधी केली नाही. जुनं आहे म्हणून सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही.

आणि शहरातल्या नदीचं. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की काठावर जाळी घेऊन माणसं उभी राहतात, ते तू बघतोसच. ती चढण नव्हे, दरवाजातून आपटत खाली आलेला मासा तो. 25 जुलै 2024 ला 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तशा पाण्याच्या काठाला जाळं घेऊन जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शिवाय त्या पाण्यात शहराची गटारं. एकेकाळी याच मुळा-मुठेत काय मासा होता! कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 मध्ये छापली. आपल्या खडशीचं शास्त्रीय नाव 'खुद्री', कोळशीचं 'कोलूस', ही त्यानेच इथल्या लोकांच्या तोंडून उचललेली. आता पुलाखाली जाळं टाकलं तर बहुतेक चिलापी येते. खायचीच असेल तर ती धरणातली घे.

जाळ्यात आलेला मासा पिशवीत कोंबू नकोस, ओल्या गवतावर टोपलीत ठेव. टोपली अर्धी भरली की पुरे, तुझ्या फ्रीजसाठी चढण नाही. ज्याच्या खाचराच्या बांधावर बसलास, त्याच्या घरी आधी वाटा पोचव, आणि त्याच्या बांधाची माती ढासळली असेल तर तिथेच पायाने दाबून बसव. भाताचं रोप त्याच बांधाच्या भरवशावर असतं.

साफ करायचं आजीकडे सोपवू नकोस, तिचे गुडघे आता बसू देत नाहीत. बारीक मासा जाड मिठात चोळला की खवलं सुटतात. पोट फाडताना हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नकोस, फुटली तर अख्खं कालवण कडू. गाभोळी वेगळी काढून हळद-मीठ लावून तव्यावर. कालवणाला खोबऱ्याचं वाटण घालू नकोस, लसूण, मिरची आणि आंबटाला चार आमसुलं बास. भाकरी तांदळाची. तांदूळ पुण्याहून आणू नकोस, घरचा आंबेमोहर आहे.