पदपथावरील दान : एक विचार

दान हा विषय आपल्याला नवा नाही. ‘सत्पात्री दान’ हा शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु पुण्यात शिकावयास आल्यावर मला दानाचा एक निराळाच प्रकार भेटला. डेक्कनकडून फर्ग्युसन रस्त्याने चालत निघावे, तर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन-तीन तरुण हसतमुखाने आडवे येतात. “सर, फक्त दोन मिनिटं!” ज्याला जन्मात कुणी ‘सर’ म्हटलेले नाही, तो माझ्यासारखा मुलगा थांबतोच! या दानाचे स्वरूप काय आणि त्यापुढे आपण कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील बार्शी तालुक्यात शेतमजुरी करतात. गेल्या वर्षी अशाच एका तरुणाने मला आजारी मुलांची छायाचित्रे दाखविली. आजूबाजूने लोक जात होते. नाही म्हणण्याची लाज वाटली आणि दरमहा ५०० रुपये खात्यातून आपोआप वळते करण्यास मी संमती देऊन बसलो. दुसऱ्याच महिन्यात मेसचे पैसे कमी पडले. वडिलांना फोन करावा लागला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “दिलंस ते बरं केलंस. पर इचारून दिलंस, का लाजून दिलंस?”

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. कारण मी ज्या वसतिगृहात राहतो, तेही देणग्यांवरच चालते. देणगीदारांची नावे जिन्याजवळच्या संगमरवरी फरशीवर कोरलेली आहेत. त्या नावांसमोरून रोज दोन वेळा जेवावयास जाणाऱ्याने दुसऱ्यापुढे हात आखडता घ्यावा काय?

उत्तर शोधताना गीतेचा सतरावा अध्याय पाहिला. तेथे दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता, द्यावयाचे म्हणून दिलेले दान सात्त्विक. आणि फळाच्या आशेने किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले दान राजस. माझे ५०० रुपये कोणत्या प्रकारात बसतात, हे निराळे सांगावयास नको. शाळेची पायरी न चढलेल्या वडिलांनी तेच चार शब्दांत सांगितले होते.

महाराष्ट्राला दारोदार मागण्याची परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’साठी एकेक पैसा मागितला. त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे यांनी आपल्या आश्रमासाठी पायपीट करून लहानसहान वर्गण्या जमविल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला (स्थापना १९१९) खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य दिले. या तिन्ही उदाहरणांत मागणी ऐपतीतली होती, मागणारा त्या कार्याचाच माणूस होता आणि दिलेल्याचे काय झाले ते लोकांना पाहता येत होते.

आजच्या पदपथावर चित्र बदलले आहे. मागणारा बहुधा संस्थेचा कार्यकर्ता नसून निधी गोळा करण्याचे कंत्राट घेतलेल्या एजन्सीचा पगारी नोकर असतो. त्याला रोजचे ‘टार्गेट’ असते. एकदाच दिलेल्या देणगीपेक्षा दरमहा वळती होणारी रक्कम संस्थेला अधिक उपयोगी पडते, म्हणून त्याचा भर संमतीवर असतो. इंग्लंडात अशा माणसाला थट्टेने ‘चगर’ म्हणतात. ‘चॅरिटी’ आणि ‘मगर’ यांची ही संधी आहे. ‘मगर’ म्हणजे रस्त्यावर लुटणारा. आपल्या नदीतल्या मगरीशी त्याचा संबंध नाही! मला मात्र हा शब्द पटत नाही. पुढे एकदा मी त्या तरुणाशी बोललो. तो लातूरकडचा, बी. कॉम. झालेला. दिवसभर उन्हात उभा राहून शंभर जणांचे नकार ऐकणारा. निधी जमविण्यालाही खर्च येतो, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा राग माणसावर काढू नये. चौकशी मात्र सोडू नये.

ही चौकशी कशी करावी? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे काही गोष्टी सुचवितो.

१. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक विचारून लिहून घ्यावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली महाराष्ट्रातील न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि त्यांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. गणेशोत्सव मंडळांनासुद्धा वर्गणीसाठी याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते.

२. “आपण संस्थेचे की एजन्सीचे?” हे सभ्यपणे विचारावे. प्रामाणिक माणूस त्याचा राग मानीत नाही.

३. आपला मोबाईल दुसऱ्याच्या हाती देऊ नये, ओटीपी सांगू नये व रस्त्यात उभ्याने दरमहाची संमती देऊ नये. दिली असल्यास बँकेत अर्ज करून ती रद्द करता येते. मी तेच केले.

४. पावतीशिवाय देऊ नये. रोख २००० रुपयांवरील देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळणार नाही, असा बदल २०१७ साली झाला, हे प्राध्यापक मंडळींना ठाऊक असेलच.

५. नकार द्यावयाचा तर थांबून, तोंडाकडे पाहून द्यावा. फोनवर बोलत असल्याचे सोंग करून पळू नये.

आता मी दरमहा ५० रुपये एका डब्यात टाकतो. रस्त्यात कुणी अडविले तर म्हणतो, “दादा, मी रस्त्यावर देत नाही. संस्थेचं नाव सांगा, चौकशी करीन.” एकदा तोच लातूरकडचा तरुण भेटला. आम्ही चहा प्यायलो. देणगीचा विषय त्यानेही काढला नाही.

दिवाळीपूर्वी डब्यातले ३०० रुपये मी वसतिगृहाच्या कार्यालयात भरले. रक्कम लहान होती, तरी कारकुनांनी रीतसर पावती फाडली. ती मी घरी नेली. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, “इचारून दिलंस नव्हं?” असे विचारले आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली.