नळी काढतानाची ती मिनिटे

टाके पडले, सर्जन हात धुऊन बाहेर आले, की नातेवाइकांच्या दृष्टीने ऑपरेशन पार पडलेले असते. ‘मग पेशंटला अजून बाहेर का आणत नाहीत?’ हा प्रश्न घाटीत काय किंवा शहरातल्या खासगी इस्पितळात काय, थिएटरच्या दारात हटकून कानी येतो. त्या वेळी आत आम्हा भूलतज्ज्ञांचे एक नाजूक काम चाललेले असते.

मोठ्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घालतात. भूल उतरू लागली, रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला, की ती काढायची. घसा आणि स्वरयंत्र हे भाग फार हळवे. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तरी केवढा ठसका लागतो! इथे तर बोटाएवढी नळी सरकत असते. त्या चेतनेने रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. ही वाढ साधारणतः १० ते ३० टक्के असते. वरचा रक्तदाब १३० असेल तर तो १७० च्या घरात जाऊ शकतो. ५ ते १५ मिनिटांत बहुधा तो आपोआप उतरतो.

धडधाकट माणसाला याचे काही वाटत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांचे मात्र तसे नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळते. ठोके वाढले की ती विश्रांतीच आखूडते; काम जास्त आणि पुरवठा कमी. अशा रुग्णांना आम्ही नळी काढण्याच्या एक-दोन मिनिटे आधी लिग्नोकेन किंवा एस्मोलॉलसारखे औषध शिरेतून देतो. पुष्कळदा उशीर होतो तो यासाठीच.

आता तुमच्या हातातले सांगतो. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहा म्हटले, की पुष्कळजण बी.पी.ची गोळीही परस्पर बंद करतात. काही गोळ्या त्या दिवशी खरोखरच टाळाव्या लागतात. पण एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या एकाएकी बंद केल्यास नाडी उलट उसळते. डॉक्टरांनी सांगितल्यास अशी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते. तेव्हा तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणावीत. ‘छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून आम्हाला काही उमगत नाही.