शक्तीच्या गोळ्या आणि शरीरातील खनिजे

शेतात स्फुरद वाजवीपेक्षा जास्त पडले की पिकाला जस्त मिळेनासे होते, हे आपण जाणतो. शरीराचेही तसेच आहे. जीवनसत्त्वाची गोळी पोटात गेली की खनिजांचे प्रमाणही बदलते. कधी हिताचे, कधी अहिताचे.

'क' जीवनसत्त्व व लोह : डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतील लोह आतड्यात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात आवळा, पेरू किंवा लिंबू असेल तर ते अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबरच्या चहाने ते अडते. म्हणून अंगात रक्त कमी असणाऱ्यांनी शिजलेल्या भाजीवर लिंबू पिळावे व चहा तासाभराने घ्यावा. थॅलेसेमियाच्या रोग्यात मात्र लोह आधीच साठलेले असू शकते. त्याने 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम : 'ड' कमी असेल तर अन्नातील कॅल्शियमपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के अंगी लागते, पुरेसे असेल तर 30 ते 40 टक्के. उन्हात काम करणाऱ्याच्या कातडीत ते तयार होते; घरात बसून असणाऱ्या म्हाताऱ्यांना कमी पडते. यासाठी डॉक्टर 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. गुण आला म्हणून ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम फाजील वाढते. मळमळ, उलट्या, फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडालाही इजा होते. 'ड' चरबीत साठते. म्हणून पुडी बंद केल्यावरही त्रास लगेच थांबत नाही.

गरोदर भगिनींसाठी : सरकारी दवाखान्यातून लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दोन्ही जरूर घ्याव्यात, पण एकदम नव्हे. कॅल्शियम लोहाला अडवते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

लक्षात ठेवा :
1. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपण घेऊ नये.
2. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, टॉनिके बरोबर न्यावीत.
3. नाचणीची भाकरी सोडू नये. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

परमेश्वराने औषधे जमिनीतून निर्माण केली व शहाणा माणूस ती तुच्छ लेखत नाही, असा बोध बेनसिराच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायात आहे. औषध मापाने घेणे हाही त्याच शहाणपणाचा भाग आहे.