हत्याराचं पाणी

मटेरियल सायन्सच्या पेपरात आयर्न-कार्बन डायग्राम आपण सगळेच काढतो. ७२७ अंशांची आडवी रेघ, ०.८ टक्क्यांच्या आसपासचा युटेक्टॉइड पॉइंट, सगळं झोपेतही काढता येईल इतकं पाठ. पण आपल्यालाच हार्डवेअरच्या दुकानात उभं करून दोन पक्कडी हातात दिल्या तर? बहुतेक जण जास्त चमकणारी घेतात, नाहीतर स्वस्त मिळेल ती. म्हणजे डायग्राम राहिला वहीत!

प्रोजेक्टचे दिवस जवळ आले की प्रत्येक ग्रुप हत्यारं घ्यायला निघतो. खिशात पैसे मोजकेच. म्हणूनच हे जरा समजून घेऊ या. स्वस्त हत्यार घेणं वाईट नाही, पण स्वस्तात चांगलं कुठलं हे ओळखता यायला हवं.

पाणी म्हणजे काय?

वर्कशॉपमधले मामा एखादी छिन्नी हातात घेऊन म्हणतात, "हिला पाणीच नाही." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'हार्डनिंग आणि टेम्परिंग' हे शब्द मला आधी माहीत झाले आणि 'पाणी' नंतर. पण अर्थ एकच. पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की मार्टेन्साइट तयार होतं. ते कडक असतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. गावातला लोहार हे रंगावरून ओळखतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर साधारण २२० ते २३० अंशांना गवताचा फिका पिवळा रंग येतो आणि ३०० अंशांच्या आसपास निळा.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक हत्याराला वेगळं पाणी लागतं. कानस ६० रॉकवेल सी किंवा त्याहून कडक असते, कारण तिने दुसरं लोखंड कापायचं असतं. पाना तितका कडक केला तर जोर लावताच तुटेल, म्हणून तो बराच खाली, चाळिशीत ठेवतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक या दोघांच्या मधलं. ते पिळलं गेलं तर पाणी कमी आणि टवका उडाला तर जास्त. छिन्नीच्या एकाच दांड्यात दोन पाणी! धार कडक, पण डोकं मऊ, म्हणजे हातोडीच्या घावाने तुकडा उडून डोळ्यात जाणार नाही.

हे पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि क्रोम प्लेटिंगची चमक ते झाकून टाकते. 'क्रोम व्हॅनेडियम' असा शिक्का कुणीही मारू शकतो. आणि स्टील खरंच ते असलं तरी पाणी चुकलं की सगळं वाया.

दुकानात काय बघायचं?

पाना : खिशात एक नवा एम ८ बोल्ट ठेवा. त्याच्या डोक्याला १३ चा पाना लागतो (जपानी पद्धतीच्या बाइकवर बऱ्याचदा १२ चा). पाना सहज बसला पाहिजे, पण बसल्यावर डुगडुगता कामा नये. सैल पाना बोल्टचे कोपरे खातो. मग तो गोल झालेला बोल्ट काढायला ड्रिल मारावं लागतं आणि त्याचा खर्च पान्यापेक्षा जास्त. शिवाय पाना सटकला की बोटांची सालं निघतात ती वेगळीच. जबड्याच्या आतल्या बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर हव्यात. ओतीव मालाचा पृष्ठभाग बऱ्याचदा खरबरीत असतो आणि त्यावर बारीक भोकं दिसतात. फोर्ज केलेल्या पान्याच्या कडेने मात्र फ्लॅश कापून घासल्याची रेघ दिसते.

पक्कड : मिटवून उजेडासमोर धरा. टोकं नीट मिळतात का? कापणाऱ्या धारांमधून उजेड येतो का? मग साधा वहीचा कागद कापून बघा. धार कागद चावत असेल आणि कापत नसेल तर पुढे बघायची गरज नाही. दोन्ही मुठी उलटसुलट हलवून रिव्हेटमध्ये आडवी ढील आहे का तेही तपासा. आणि एक महत्त्वाचं : मुठीवर प्लास्टिक आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे असं नाही! विजेच्या कामाच्या इन्सुलेटेड हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर ती मूठ फक्त हाताला बरी वाटावी म्हणून.

स्क्रू ड्रायव्हर : २ नंबरचा स्टार सगळ्यात जास्त लागतो. नवीन स्क्रूमध्ये टोक बसवून ड्रायव्हर आडवा धरा. स्क्रू लगेच पडला नाही तर घडण चांगली (चुंबक असलेल्या टोकाला ही परीक्षा लागू नाही!). चपट्या टोकाच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर हव्यात. पाचरीसारखं निमुळतं टोक खाचेतून वर निसटतं.

गुण्या : ही तर फुकटातली परीक्षा. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ मारा, तो उलटा करा आणि त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर ९० अंश बरोबर. फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी खरी चूक.

हॅकसॉ : फ्रेम साधी चालेल, पण ब्लेडवर पैसे वाचवू नका. पातळ पत्र्याला इंचाला ३२ दात, नेहमीच्या कामाला २४, जाड मऊ धातूला १८. कापताना निदान दोन-तीन दात धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर दात मोडतात.

कुठे आणि किती?

आपल्या देशात हत्यारांचा मोठा उद्योग पंजाबात जालंधरला आहे, आणि महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. म्हणजे चांगल्या मालासाठी इम्पोर्टेडच पाहिजे असं काही नाही. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे एकाच फेरीत पाच दुकानांतला माल तुलना करून बघता येतो. पक्कडीवर आयएस ३६५०, पान्यावर आयएस २०२८ असा मानकाचा नंबर आहे का बघा. नंबर छापलेला म्हणजे खात्री नव्हे, पण बनवणाऱ्याने आपलं नाव आणि नंबर दोन्ही स्पष्ट घातलेत ही चांगली सुरुवात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर मात्र सरळ पुढच्या दुकानात.

जुन्या बाजारातलं चांगल्या कंपनीचं वापरलेलं हत्यार कधीकधी नव्या हलक्या मालापेक्षा बरं. पण जबडा फाकलेला नको, वेल्डिंग केलेलं नको, आणि धारेवर निळी झाक नको. ग्राइंडरवर जास्त तापलं की तो निळा रंग येतो, म्हणजे तिथलं पाणी उतरलं!

आणि ते १०० पिसांचे सेट? त्यातले निम्म्याहून जास्त नग बऱ्याचदा छोटे बिट्स असतात, जे वर्षभरात हातही लागत नाहीत. त्यापेक्षा चौघांच्या ग्रुपने मिळून एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, १०-११, १२-१३ आणि १४-१५ चे तीन पाने, एक हातोडी आणि एक हॅकसॉ घ्यावा. ज्याचं टोक, धार किंवा जबडा काम करतो तिथे पैसे घाला. पेटी, पाऊच, रंगीत मूठ यांवर वाचवा.

आपलं प्रोजेक्ट एका सेमिस्टरचं असतं. रस्त्यावरच्या मेकॅनिकचं पोट मात्र रोज त्या पान्यावर चालतं. म्हणून तो पाना उचलून बघतो, बोल्टवर बसवून बघतो आणि मगच खिशात हात घालतो. डिग्री आपल्याकडे आहे (म्हणजे होणार आहे!), पण ही सवय त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा खिशात एक बोल्ट, एक स्क्रू आणि वहीचं एक पान असू द्या. कोण किती पाण्यात आहे, ते तिथेच कळेल!